गालिच्याखालचा जिना

घरांतल्या सर्व वस्तूंमध्यें माणूस ज्या वस्तूवर न पाहतां विश्वास ठेवतो ती वस्तु म्हणजे जिना. खुर्चीवर बसण्यापूर्वीं तो खुर्चीकडे एकदां तरी पाहतो, दार उघडतांना कडीकडे पाहतो. परंतु जिना उतरतांना पहिल्या एकदोन पायऱ्यांनंतर डोळे दुसरीकडे वळतात आणि पुढचें काम पाय आपले आपण करतात. रात्रीं दिवा न लावतां, कडेवर मूल घेऊन, हातांत पाण्याचा तांब्या धरून माणसें जिना उतरतात तीं ह्याच भरंवशावर. म्हणून जिन्याचें काम, मग तें बांधण्याचें असो कीं दुरुस्तीचें असो, केवळ डोळ्यांच्या मापानें करून भागत नाहीं. तें पायांच्या मापानें करावें लागतें. जुन्या लांकडी जिन्यावरचा गालिचा काढून खालचें लांकूड पुन्हां उजळविण्याचा जो उद्योग आज अमेरिकेंत व इंग्लंडांत घरोघर चाललेला दिसतो, त्याचा विचार करतांना ही गोष्ट प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे.

महाराष्ट्रांतील जुन्या वाड्यांत जिना बहुधा भिंतीच्या पोटांत दडविलेला, अरुंद व उभा असे. चढणाऱ्याला आधारासाठीं वरून दोर टांगलेला असे. अशा जिन्यावर गालिचा अंथरण्याची गरज कोणास वाटली नाहीं. पादत्राणें दारांत राहत, पाऊल अनवाणी असे, आणि अनवाणी पावलाला लांकडाची कड बरोबर समजते. थंड देशांतील गोष्ट निराळी होती. तेथें माणसें घरांतही बूट घालून वावरत. लांकडी घरांत बुटांचा आवाज एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर घुमे. हिवाळ्यांत उघडें लांकूड पायांना बोचे. म्हणून एकोणिसाव्या शतकांत तिकडील जिन्यांवर मधोमध गालिच्याचा अरुंद पट्टा सोडण्याची चाल रूढ झाली. प्रत्येक पायरीच्या मागच्या कोपऱ्यांत पितळी दांडी बसवून तो पट्टा ताणून धरीत. पट्टा झिजतो तो पायरीच्या कडेवर. म्हणून काटकसरी गृहिणी अधूनमधून तो दोनचार इंच वर किंवा खालीं सरकवीत, म्हणजे झीज सर्वत्र सारखी वांटली जाई. पट्ट्याच्या दोहों बाजूंस जें लांकूड उघडें राही तेवढ्यालाच रंग किंवा रोगण लावीत. पट्ट्याखालच्या लांकडाला कोण पाहणार होतें?

सबंध जिना भिंतीपासून कठड्यापर्यंत गालिच्यानें झांकण्याची पद्धत सामान्य घरांत पुष्कळ उशिरा आली. तिचें मूळ एका पलंगपोसांत आहे. सन १८९५ मध्यें अमेरिकेच्या जॉर्जिया प्रांतांत, डाल्टन गांवाजवळ, कॅथरीन एव्हन्स नांवाच्या एका किशोरवयीन मुलीनें जाड सुताचे टाके घालून व ते कातरून एक गोंडेदार पलंगपोस तयार केला. त्याला मागणी आली. ती कला शेजारणी शिकल्या. घरोघर तो धंदा पसरला. पुढें टाके घालणारीं यंत्रें निघालीं, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तसल्याच रुंद यंत्रांवर गालिचे तयार होऊं लागले. हातमागाच्या किंवा यंत्रमागाच्या विणलेल्या लोकरी गालिच्यापेक्षां हा माल फार स्वस्त पडे. सन १९५० नंतरच्या दोनतीन दशकांत लक्षावधि घरांतील जमिनी आणि जिने त्याखालीं गेले, आणि त्याबरोबर जुन्या सुतारांचें कामही दृष्टीआड झालें.

आतां लोकांची रुचि पालटली आहे. गालिच्यांत धूळ व पाळीव जनावरांचे केस अडकून राहतात. मुलांना दमा असला तर तो नकोसा होतो. आणि लांकडाचा मूळ रंग पाहण्याची हौसही वाढली आहे. तिकडे मजुरी महाग असल्यामुळें घरधनी हें काम पुष्कळदां स्वतःच अंगावर घेतो. महाराष्ट्रांतून जाऊन तेथें स्थायिक झालेलीं कुटुंबेंही अशीं जुनीं घरें विकत घेतात, आणि सुटीच्या दिवशीं हातांत पक्कड घेऊन जिन्यावर बसतात.

पहिलें काम म्हणजे खालीं काय आहे तें पाहणें. सर्व गालिचा एकदम ओढून काढण्याऐवजीं वरच्या एखाद्या पायरीचा एक कोपरा उचलून पाहावा. तेथें तीनपैकीं एक प्रकार आढळतो. ओक किंवा मेपल ह्यांचें कठीण लांकूड असेल तर दैव उत्तम. पाइनचें मऊ लांकूड असेल तर तेंही चालतें, पण त्यावर खांचा लवकर पडतात व रंग सारखा चढत नाहीं. नव्या वसाहतींतील घरांत मात्र भुशाच्या दाबून केलेल्या फळ्या किंवा थरांचें लांकूड निघतें. कारण बांधणाऱ्यानें पहिल्या दिवसापासून गालिचा गृहीत धरलेला असतो. असल्या फळीला कितीही घांसलें तरी तिला रूप येत नाहीं. तेथें वरून नव्या फळ्या बसवाव्या लागतात. जुन्या जिन्याच्या पायरीवर दोन्ही कडांना गडद रोगणाचे पट्टे आणि मध्यें फिकट, कोरें लांकूड असें दिसलें, तर पूर्वीं तेथें अरुंद पट्टा अंथरलेला होता असें खुशाल समजावें.

येथेंच एक हिशेब करावयाचा असतो, आणि तो पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. फ्रान्समधील फ्रांस्वा ब्लोंदेल ह्या वास्तुशास्त्रज्ञानें सतराव्या शतकांत असा नियम सांगितला कीं, दोन पायऱ्यांची उंची आणि एका पायरीची रुंदी मिळून माणसाचें एक पाऊल व्हावें. आजच्या अमेरिकेंतील घरबांधणीच्या आदर्श नियमांत पायरीची उंची पावणेआठ इंचांहून अधिक नसावी व रुंदी दहा इंचांहून कमी नसावी असें आहे. परंतु त्याहून महत्त्वाची अट अशी कीं, एकाच जिन्यांतील सर्वांत उंच व सर्वांत ठेंगणी पायरी ह्यांत तीन अष्टमांश इंचाहून जास्त फरक नसावा. ह्या अटीचें कारण उघड आहे. पहिल्या दोन पायऱ्यांवर पाय उंची शिकतात आणि पुढें तीच धरून चालतात. एखादी पायरी वेगळी लागली कीं ठेंच बसते.

आतां गालिचा व त्याखालची गादी मिळून अर्धा ते पाऊण इंच जाडी असते असें धरूं. जिन्याच्या सर्व पायऱ्यांवरून ती सारखीच निघाली, तर मधल्या पायऱ्यांच्या उंचींत कांहीं फरक पडत नाहीं. पण वरच्या मजल्यावरचा गालिचा तसाच ठेवला, तर सर्वांत वरची पायरी तेवढ्यानें उंच होते. आणि खालची जमीन जशीच्या तशी राहिली, तर सर्वांत खालची पायरी तेवढ्यानेंच ठेंगणी होते. म्हणजे ज्या दोन ठिकाणीं माणूस सपाटीवरून जिन्यावर येतो किंवा जिन्यावरून सपाटीवर जातो, नेमका तेथेंच दगा. वर नव्या जाड फळ्या बसविल्या तर हाच दोष उलट बाजूनें येतो. म्हणून गालिचा काढण्यापूर्वीं व काढल्यानंतर प्रत्येक पायरीची उंची मोजपट्टीनें मोजून कागदावर लिहून ठेवावी. जुन्या घरांत वरची आणि खालची जमीनही मूळच्या लांकडापर्यंत उघडी केली, तर सुतारानें बांधलेला मूळचा ताल आपोआप परत येतो.

प्रत्यक्ष गालिचा काढणें हें काम ताकदीचें कमी आणि चिकाटीचें जास्त आहे. हातांत जाड मोजे, पायांत जाड तळव्याचे बूट आणि नाकातोंडावर चांगला मुखवटा असावा. कारण गालिच्याच्या पोटांत कित्येक वर्षांची धूळ असते. वरून खालीं येत धारदार सुरीनें एकेका पायरीचा तुकडा कापून, गुंडाळून बाहेर न्यावा. त्याखालीं पायरीच्या मागच्या कोपऱ्यांत अणकुचीदार खिळ्यांची लांकडी पट्टी ठोकलेली आढळते. ती कटावणीनें उचकटावी, मात्र कटावणीखालीं पातळ फळीचा तुकडा ठेवावा, नाहींतर पायरीवर वण पडतो. ह्यानंतर राहतात त्या गादी पक्क्या करणाऱ्या तारेच्या बारीक पिना. तेरा-चौदा पायऱ्यांच्या जिन्यांत त्या शेंकड्यांनीं निघतात. एकेक पक्कडीनें ओढून काढावी लागते, आणि मोडून आंत राहिलेली अर्धी पीन पुढें काचकागदही फाडते व पाऊलही. शेवटीं एक जुना नायलॉनचा मोजा पायरीवरून ओढावा. जेथें तो अडकतो तेथें पीन राहिली आहे असें समजावें. खिळ्यांच्या पट्ट्या व पिना अर्धवट काढून जिना रात्रभर तसाच सोडूं नये. घरांत लहान मूल असेल तर ही सूचना दोनदां वाचावी.

गालिच्याखालून रंगविलेलें लांकूड निघालें तर तेथें थांबणें भाग आहे. अमेरिकेंत घरगुती रंगांत शिसें घालण्यास सन १९७८ मध्यें बंदी झाली. त्यापूर्वींच्या घरांतील जुन्या थरांत शिसें असण्याचा संभव असतो. असा रंग कोरडा घांसला कीं त्याची अति बारीक धूळ सबंध घरभर पसरते, जमिनीवर रांगणाऱ्या मुलाच्या हाताला लागते आणि हातावाटे तोंडांत जाते. लहान मुलाच्या मेंदूला शिशापासून होणारी हानि भरून येत नाहीं, आणि शिशाचें अमुक प्रमाण निर्धोक आहे असें वैद्यकशास्त्राला सांगतां आलेलें नाहीं. म्हणून रंगाचा तुकडा आधीं प्रयोगशाळेंत तपासून घ्यावा. शिसें निघालें तर कोरडा काचकागद, यंत्र किंवा ज्योत ह्यांपैकीं कांहींही न वापरतां तें काम ह्या विषयाचें शिक्षण घेतलेल्या माणसाकडे सोंपवावें. तेथील कायद्यानें सन २०१० पासून अशा कामाच्या कंत्राटदारांस तसा दाखला आवश्यक केला आहे. रंग सोडविणाऱ्या कांहीं जुन्या रसायनांत डायक्लोरोमीथेन असे. कोंडलेल्या जागेंत त्याची वाफ प्राणघातक ठरते; सन २०१९ पासून अमेरिकेंत रंग काढण्यासाठीं तें सामान्य ग्राहकास विकण्यास मनाई आहे. अडगळींत जुना डबा सांपडला म्हणून तो वापरूं नये. हा धोका केवळ परदेशचा नव्हे. भारतांत घरगुती रंगांतील शिसें दशलक्ष भागांत ९० भागांपुरतें मर्यादित करणारे नियम सन २०१६ चे असून त्यांचा अंमल १ नोव्हेंबर २०१७ पासून सुरू झाला. त्यापूर्वीं रंगविलेले मुंबई-पुण्याचे जिने व कठडे घांसतांनाही हीच सावधगिरी हवी.

लांकूड निर्धोक आहे असें ठरल्यावर सुताराचें खरें काम सुरू होतें. आधीं जिन्यावरून कोणास तरी चालावयास सांगून कोणती पायरी करकरते तें ऐकावें. आडवी फळी तिच्याखालच्या उभ्या फळीपासून किंचित् सुटलेली असते, आणि पाय पडतांच दोन्ही एकमेकींवर घांसतात. वरून स्क्रू पिळून ती खालच्या उभ्या फळीला घट्ट करावी, व स्क्रूचें डोकें लांकडांत बुडवून वर खुंटी किंवा लांबी भरावी. पिनांचीं भोकेंही लांबीनें बुजवावीं. पण लांबी लांकडाप्रमाणें रंग पीत नाहीं हें जाणून ती जरुरीपुरतीच भरावी. मग काचकागद. प्रथम ६० किंवा ८० क्रमांकाचा भरड, नंतर १२० क्रमांकाचा, आणि फार तर १५० क्रमांकाचा बारीक. हात नेहमीं लांकडाच्या रेषांच्या दिशेनें चालवावा. आडवा ओरखडा रोगणाखालीं दुप्पट उठून दिसतो. पायरीची पुढची गोल कड यंत्रानें न घांसतां हातानें घांसावी, कारण यंत्र तिची गोलाई खाऊन टाकतें. मधोमध पावलांनीं पडलेला जो उथळ खळगा असतो तो पूर्ण सपाट करण्याच्या भरीस पडूं नये. त्यासाठीं फळी इतकी उतरावी लागते कीं तिची ताकद कमी होते.

रोगणाच्या बाबतींत महाराष्ट्राचाही थोडा संबंध येतो. पळस, कुसुम व बोर ह्या झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे जी राळ तयार करतात तिचाच चपडा होतो. आणि स्पिरिटांत विरघळविलेला चपडा हेंच एका काळीं पाश्चात्य घरांतील लांकडाचें आवडतें रोगण होतें. त्याकरितां हिंदुस्थानची लाख समुद्रापार जात असे. जुन्या जिन्याच्या रोगणावर स्पिरिटाचा थेंब टाकतांच तें मऊ झालें, तर तें चपड्याचें समजावें. चपड्याची झळाळी सुंदर खरी, पण पाणी सांडलें कीं त्यावर पांढरा डाग उठतो आणि पायांखालीं तो लवकर झिजतो. कठड्याला तो शोभतो. पायरीला आज पॉलियुरेथेनचें रोगण अधिक टिकतें. त्याचे दोन किंवा तीन पातळ थर द्यावे, आणि दोन थरांच्या मध्यें २२० क्रमांकाच्या कागदानें हलका हात फिरवून धूळ पुसून घ्यावी. तेलमिश्रित रोगण वाळण्यास सुमारें एक दिवस घेतें व पुढें पिवळसर होतें. पाणीमिश्रित रोगण कांहीं तासांत वाळतें व स्वच्छ राहतें. दोन्ही प्रकारांत स्पर्शाला कोरडें होणें आणि पूर्ण कठीण होणें ह्यांत कित्येक दिवसांचें अंतर असतें.

जिना बंद ठेवून घर चालत नाहीं, म्हणून एक साधी युक्ति करतात. पहिल्या दिवशीं एक सोडून एक पायरी रंगवावी आणि उरलेल्या पायऱ्यांवरून लांब पाऊल टाकून ये-जा करावी. ओल्या पायऱ्यांवर कागदाची खूण ठेवावी. त्या पुऱ्या वाळल्या कीं दुसऱ्या फेरींत उरलेल्या घ्याव्या. मात्र वृद्ध माणसें व लहान मुलें ह्यांना अशा लांब पावलांनीं चढावयास लावूं नये. त्यांची निजण्याची सोय तेवढे दिवस खालच्या मजल्यावर करावी.

काम संपल्यावर हात धुऊन स्वस्थ बसण्यापूर्वीं एक गोष्ट राहते, आणि ती विसरल्यामुळें मोठमोठे अनर्थ झाले आहेत. ज्या जवसाची चटणी महाराष्ट्राच्या ताटांत रोज असते, त्याच जवसाचें म्हणजे अळशीचें तेल लांकडाच्या रोगणांत व रंगांत वापरतात. हें तेल पाण्यासारखें उडून वाळत नाहीं. हवेंतील प्राणवायु शोषून घट्ट होतें, आणि त्या क्रियेंत उष्णता निर्माण होते. फळीवर पसरलेल्या पातळ थराची उष्णता हवेंत निघून जाते. पण तेलानें भिजलेलीं फडकीं चुरगाळून ढीग करून ठेवलीं, तर आंतली उष्णता बाहेर पडत नाहीं. ती वाढत वाढत जाते, आणि कांहीं तासांनीं, काडी न लावतां, ढीग पेट घेतो. २३ फेब्रुवारी १९९१ रोजीं फिलाडेल्फिया शहरांतील वन मेरिडियन प्लाझा ह्या ३८ मजली इमारतीच्या बाविसाव्या मजल्यावर लांकूडकामाला रोगण देणाऱ्यांनीं टाकलेल्या अशाच तेलकट फडक्यांनीं पेट घेतला. आग मजल्यामागून मजला वर चढत गेली, तीन अग्निशामक जवान प्राणांस मुकले, आणि तिसाव्या मजल्यावर आपोआप पाणी सोडणारी व्यवस्था होती म्हणून ती तेथें अडली. ती इमारत पुन्हां वापरांत आली नाहीं. चार फडक्यांची ही करणी! म्हणून असें प्रत्येक फडकें घराबाहेर, मोकळ्या हवेंत, एकेक पसरून पूर्ण कडक होईपर्यंत वाळवावें, किंवा झांकणाच्या पत्र्याच्या डब्यांत पाण्यांत बुडवून ठेवावें.

शेवटचा प्रश्न निसरडेपणाचा. आरशासारखी चकाकणारी पायरी पाहून पाहुणे वाखाणणी करतात. पण त्या पायरीवरून लोंकरी मोजे घातलेला मुलगा धांवत उतरतो तेव्हां ती वाखाणणी उपयोगीं पडत नाहीं. अपघाती दुखापतींनीं होणाऱ्या मृत्यूंत पडून होणाऱ्या मृत्यूंचा जगांत दुसरा क्रमांक लागतो, असें जागतिक आरोग्य संघटनेचें सांगणें आहे. गालिचा पायाला धरून ठेवीत असे, आणि पडलेल्याला थोडा मऊ आधारही देत असे. तो गुण काढून घेतला तर त्याची भरपाई केली पाहिजे. पायरीवर मेण कधींच लावूं नये. शेवटच्या थरांत रोगणांत मिसळण्याची बारीक खरखरीत भुकटी मिळते, ती घालावी. पायरीच्या पुढच्या कडेला वेगळ्या रंगाची पट्टी असावी. कारण उतरतांना सर्व पायऱ्या एकाच रंगाच्या दिसल्या तर एक कोठें संपते व दुसरी कोठें सुरू होते हें वृद्ध डोळ्यांस कळत नाहीं. कठडा हलत असेल तर पायरीच्या आधीं तो पक्का करावा.

आणि घरांत म्हातारें माणूस किंवा तान्हें मूल असेल, तर एक महिनाभर रोगण पुरतें कठीण होऊं देऊन मधोमध गालिच्याचा अरुंद पट्टा पुन्हां घट्ट बसवावा. दोन्ही बाजूंस उजळलेलें लांकूड दिसतें आणि पाऊल पडतें तेथें पकड मिळते. इतकी मेहनत करून शेवटीं गालिचाच घातला असें कोणी हंसल्यास हंसूं द्यावें. शंभर वर्षांपूर्वींची गृहिणी पितळी दांड्या बसवून तेंच करीत होती, आणि तिनें तें रूपासाठीं जेवढें केलें त्याहून अधिक पायांसाठीं केलें होतें. जिना उजळला कीं नाहीं हें पाहुणे सांगतील. पण तो चांगला झाला कीं नाहीं हें घरांतलें सर्वांत म्हातारें माणूस, काळोखांत, एका हातानें कठडा धरून खालीं उतरेल, तेव्हांच ठरेल.